पहिलवानाचा वचक आणि पंचाची शिट्टी

गेल्या दिवाळीत माझा भाचा कॅनडाहून घरी आला होता. एडमंटन शहरात तो नोकरीला आहे. तिकडच्या लोकांना बर्फावरच्या हॉकीचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतके. एके रात्री जेवणे उरकल्यावर तो ओसरीवर बसून मोबाइलवर तसलाच एक सामना पाहत होता आणि आम्ही घरातली सारी मंडळी त्याच्याभोवती जमलो होतो. माझ्या आईचे वय ऐंशीच्या पुढे, पण तीही चष्मा लावून पुढे सरसावून बसली होती.

सामना रंगात आला असताना दोन खेळाडूंनी एकाएकी हातातल्या काठ्या टाकल्या, हातमोजे फेकून दिले, एकमेकांचे सदरे धरले आणि ठोसे मारायला सुरुवात केली. एकाच्या नाकातून रक्त आले. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेले पंच दोन पावलांवर उभे होते. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. दोघांतला एक खाली पडला तेव्हा कुठे पंच मध्ये पडले.

आई म्हणाली, "अरे, हे पंच कशाला ठेवलेत मग? सोडवत का नाहीत?"

भाचा हसला. म्हणाला, "आजी, तिथं असंच असतं. तो आडदांड आहे ना, तो आमच्या संघाचा राखणदार. आमच्या चांगल्या खेळाडूंना कुणी दांडगाई करून पाडू नये म्हणून त्याला ठेवलाय."

"मग पाडत नाहीत का?"

भाचा जरा थांबला. "पाडतात की," म्हणाला.

वाचकहो, आईचा हा प्रश्न साधा वाटला तरी त्यावर कॅनडा आणि अमेरिकेत पन्नास वर्षे वाद चाललेला आहे. नामांकित खेळाडू, संघांचे मालक, वकील, डॉक्टर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, सगळे त्यात उतरले आहेत. मी शेतीखात्यातला माणूस. हॉकी माझा विषय नव्हे. पण 'वचक' हा प्रकार आपल्या रोजच्या जगण्यातला असल्यामुळे मी भाच्याकडून माहिती मागवली, स्वतः वाचले, आणि जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या मैदानी हॉकीत अकरा खेळाडू असतात, यात गोलरक्षक धरून सहा. मैदान म्हणजे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा बर्फाचा गुळगुळीत थर, भोवती छातीएवढी फळ्यांची भिंत आणि तिच्यावर काच. चेंडूच्या जागी तीन इंच रुंद आणि एक इंच जाड अशी टणक रबराची चकती. पायात लोखंडी पात्याचे बूट. धावणारा माणूस त्या बुटांवर सायकलवाल्यालाही मागे टाकतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे या खेळात ज्याच्याजवळ चकती आहे त्याला खांद्याने धडक मारून पाडणे हे नियमात बसते. गुन्हा तो नव्हे. मागून ढकलणे, कोपर मारणे, काठीने हाणणे, गुडघ्यावर गुडघा घालणे हा गुन्हा. कायदेशीर धडक आणि गुन्हेगार धडक यांत अंतर किती, तर डोळ्याची पापणी लवावी इतके. पंचाच्या नजरेतून पुष्कळ निसटते.

राखणदाराची गरज निघाली ती इथून. तिकडे त्याला 'एन्फोर्सर' म्हणतात. याने गोल करावा अशी कुणाची अपेक्षा नसते. विरुद्ध संघातल्या कुणी आपल्या चांगल्या खेळाडूवर दांडगाई केली, की याने जाऊन हातमोजे टाकायचे. समजूत अशी, की पंचाला दिसो न दिसो, याला दिसेल, आणि याच्या भीतीने समोरचा जपून राहील.

नियमही या समजुतीला धरूनच झाले. उत्तर अमेरिकेतली मुख्य संघटना नॅशनल हॉकी लीग, तिची स्थापना १९१७ सालची. १९२२ साली तिने नियम केला, की ठोसेबाजी करणाऱ्याला मैदानातून कायमचे न काढता पाच मिनिटे बाहेर बसवावे. दोन्हीकडचा एकेक माणूस पाच मिनिटे बाहेर बसतो, दोन्ही संघ सारखेच राहतात, म्हणजे संघाचे नुकसान शून्य. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ग्रेट्स्कीचा दाखला

राखणदाराच्या बाजूने बोलणारे लोक पहिले नाव घेतात ते वेन ग्रेट्स्कीचे. या खेळातला तो सर्वांत मोठा खेळाडू असे बहुतेक जाणकार मानतात. अंगाने बेताचाच, पण १९८१-८२ च्या एका हंगामात त्याने ९२ गोल केले, आणि तो विक्रम आजही उभा आहे. तो एडमंटनच्या संघात होता तेव्हा डेव्ह सेमेन्को नावाचा धिप्पाड गडी त्याच्या सोबत खेळायचा. हा सेमेन्को किती दांडगा, तर १९८३ साली त्याने प्रत्यक्ष महंमद अलीबरोबर तीन फेऱ्यांची प्रदर्शनी मुष्टियुद्धाची लढत केली. त्याच वर्षी निवडक खेळाडूंच्या सामन्यात उत्कृष्ट खेळाबद्दल ग्रेट्स्कीला मोटार बक्षीस मिळाली, ती त्याने सेमेन्कोला देऊन टाकली. पुढे मार्टी मॅक्सॉर्ली हा दुसरा राखणदार आला. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसच्या संघाने घेतले तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच्याबरोबर गेला, कारण ग्रेट्स्कीलाच तो बरोबर हवा होता.

ज्याचे अंग धोक्यात आहे तोच माणूस सांगतो की मला हा सोबत हवा. त्याची ही भावना मी खोटी मानत नाही. पाठीशी कुणीतरी उभा आहे एवढ्या आधारावर माणूस निर्धास्त खेळतो, हे कुणालाही पटेल.

पण इथे माझा धंदा आडवा येतो. शेतकरी येऊन सांगतो, "साहेब, अमुक औषध मारलं आणि मावा गेला." मी विचारतो, "दोन ओळी न मारता सोडल्या होत्या का?" बहुधा सोडलेल्या नसतात. मधे जोराचा पाऊस होऊन गेलेला असतो आणि मावा त्या पावसाने धुऊन गेलेला असतो. औषधाला श्रेय मिळते, दुकानदाराला पैसे मिळतात. ग्रेट्स्कीच्या बाबतीत न फवारलेल्या ओळी कुठे आहेत? त्याची खरी ताकद होती समोरचा कुठे येणार हे आधीच ओळखण्यात. तो गर्दीत शिरायचाच नाही. गोलच्या जाळ्यामागे जाऊन उभा राहायचा आणि तिथून खेळ हलवायचा. मारायला जावे तर हा तिथून निसटलेला. सेमेन्को नसता तरी तो वाचला असता का? कुणी सांगू शकत नाही.

न फवारलेले रान पाहायचेच असेल तर दुसरीकडे पाहावे लागते. ऑलिम्पिकच्या नियमांत ठोसेबाजी केली की खेळाडू त्या सामन्यातून बाहेर. १९९८ ते २०१४ या काळातल्या पाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये याच लीगचे नामवंत खेळाडू आपापल्या देशाकडून खेळले. राखणदार कुणी नेला नाही. २०१० साली व्हँकुव्हरला कॅनडाने सुवर्णपदक मिळवले ते अशा गड्यावाचून. आणखी गमतीची गोष्ट म्हणजे खुद्द लीगमध्येही वर्षाअखेरच्या बाद फेरीत, जेव्हा प्रत्येक सामना जिवावरचा असतो आणि चांगल्या खेळाडूला जपण्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा पुष्कळ संघ राखणदाराला खेळवतच नसत. राखण जर खरी असेल, तर दाणे भरल्यावरच राखणदाराला माचाणावरून उतरवून कसे चालेल?

एका गल्लीतले दांडगे, मग गावोगावचे

१९७० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या संघाने ही कल्पना टोकाला नेली. त्यांच्या मैदानाच्या रस्त्यावरून लोक त्यांना 'ब्रॉड स्ट्रीटचे दांडगे' म्हणत. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी स्टॅनले चषक जिंकला. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटे शिक्षेच्या कोठडीत काढली. सामना साठ मिनिटांचा. म्हणजे जवळजवळ आठ सामने तो नुसता बसून होता. हा उच्चांक अजून मोडलेला नाही.

आता तुम्हीच सांगा, याचा वचक कुणावर बसला? इतर संघांनी शहाणपण धरून दांडगाई सोडली काय? नाही. त्यांनी आपापले शुल्ट्झ शोधायला सुरुवात केली. आपल्या माणसांना राखायला ठेवलेला गडी आधीच दुसऱ्याच्या अंगावर जाऊ लागला, म्हणून दुसऱ्यानेही तसाच गडी ठेवला. बांधावरून भांडणाऱ्या दोन घरांपैकी एकाने बाहेरची चार माणसे आणली की दुसरा सहा आणतो, ते तुमच्याही पाहण्यात असेल. १९७६ च्या अंतिम फेरीत माँट्रियलच्या संघाने वेग आणि कौशल्य यांच्या जोरावर फिलाडेल्फियाला ओळीने चारही सामन्यांत हरवले. पण तोवर राखणदाराची चाल सगळीकडे पसरली होती.

या चालीत एक मोठी विसंगती आहे. गुन्हा करणारा एक आणि मार खाणारा दुसराच. दोन्ही संघांचे राखणदार पुढे येतात आणि एकमेकांशी भिडतात. त्यांच्यात तसा अलिखित दंडकच आहे. ज्याने कोपर मारले तो बाकावर बसून तमाशा पाहतो. आपल्या बैलाने शेजाऱ्याचे पीक खाल्ले आणि दोन्ही घरच्या गड्यांनी चावडीवर कुस्ती केली, तर बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पिकात जाईल की नाही?

मॅट कुक नावाच्या माणसाची गोष्ट

या सगळ्या वादात मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती एका खेळाडूची हकिगत. त्याचे नाव मॅट कुक. हा काही मोठा राखणदार नव्हे, मधल्या फळीतला खेळाडू. पण पंधरा वर्षांत तो या नाटकात दोन्ही बाजूंनी उभा राहिला.

१६ फेब्रुवारी २००४. कोलोरॅडोच्या संघातला स्टीव्ह मूर हा तरुण खेळाडू व्हँकुव्हरचा कप्तान मार्कस नेसलुंड याला धडकला. नेसलुंड चकतीसाठी पुढे वाकलेला होता. त्याच्या डोक्याला मार बसला आणि तो तीन सामन्यांना मुकला. पंचांनी शिक्षा दिली नाही, लीगनेही नाही. व्हँकुव्हरचा संघ चिडला.

८ मार्चला दोन्ही संघ व्हँकुव्हरला पुन्हा समोरासमोर आले. कुक तेव्हा व्हँकुव्हरकडे होता. पहिल्याच भागात त्याने मूरशी हातमोजे टाकून मारामारी केली. मूरही पळाला नाही, उभा राहून लढला. दोघे पाच पाच मिनिटे बाहेर बसले. राखणदारीच्या रिवाजाप्रमाणे हिशेब इथे मिटायला हवा होता. मिटला नाही. तिसऱ्या भागात, कोलोरॅडो भरपूर गोलांनी पुढे असताना, व्हँकुव्हरचा टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे गेला, मागून सदरा धरला, डोक्याच्या बाजूला ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. मेंदूलाही हादरा बसला. त्यानंतर तो लीगमध्ये कधीच खेळू शकला नाही. बर्टुझीवर फौजदारी खटला झाला; त्याने गुन्हा कबूल केला आणि परिवीक्षेसह ८० तासांची समाजसेवा अशी शिक्षा त्याला झाली. मूरने भरपाईचा दावा लावला, तो तडजोडीने मिटायला २०१४ साल उजाडले. दहा वर्षे!

बर्टुझी हा राखणदार म्हणून ठेवलेला नव्हता, चांगले गोल करणारा खेळाडू होता. पण 'आपल्या माणसाला लावलेल्या हाताचा बदला आपणच घ्यायचा' हा धडा एका माणसाला शिकवला की तो सगळ्या संघात मुरतो, हे यातून दिसते. आणि बदल्याचे माप कोण ठरवणार? एकाला वाटते फिटले, दुसऱ्याला वाटते अजून बाकी आहे.

आता सहा वर्षे पुढे या. कुक आता पिट्सबर्गच्या संघात. ७ मार्च २०१० रोजी त्याने बोस्टनच्या मार्क सॅव्हार्डला, त्याचे लक्ष दुसरीकडे असताना, बाजूने येऊन डोक्यावर धडक दिली. सॅव्हार्ड बेशुद्ध पडला. नियमात तेव्हा असल्या धडकेला बंदी नव्हती, म्हणून शिक्षा काहीच नाही. अकरा दिवसांनी बोस्टनला सामना होता. सुरुवातीलाच बोस्टनचा राखणदार शॉन थॉर्न्टन याने कुकला गाठले आणि मारामारी झाली. प्रेक्षकांचे समाधान झाले, दोघे पाच मिनिटे बसले.

कुकवर वचक बसला का? वर्ष उलटायच्या आतच, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्याने एका खेळाडूला मागून फळ्यांवर ढकलले. चार सामन्यांची बंदी. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका खेळाडूच्या डोक्यात कोपर मारले. मात्र या वेळी लीगने हिसका दाखवला. हंगामाचे उरलेले दहा सामने आणि बाद फेरीतली संपूर्ण पहिली मालिका, मिळून सतरा सामने त्याला घरी बसवले. पगारही कापला. आणि स्वतःच्या संघानेही त्याला पाठीशी घातले नाही. शिक्षा योग्यच आहे असे संघाच्या व्यवस्थापकांनी उघड सांगितले.

पुढच्या हंगामात, २०११-१२ मध्ये, हाच कुक ८२ सामने खेळला आणि शिक्षेची मिनिटे झाली ४४. आदल्या वर्षी ६७ सामन्यांत ती १२९ होती. गोल केले १९. ज्या माणसाला ठोशांनी काही शिकवले नाही, त्याला सतरा सामन्यांच्या घरबसणीने शिकवले. तो कायमचा साधू झाला असे मात्र मी सांगणार नाही. २०१४ च्या बाद फेरीत त्याने पुन्हा एकाच्या गुडघ्यावर गुडघा घातला आणि सात सामन्यांची बंदी ओढवून घेतली. माणसाची खोड एका शिक्षेने समूळ जात नाही. तरीही मधली दोन-तीन वर्षे त्या मैदानावरच्या लोकांना लाभलीच.

सॅव्हार्डचे काय झाले म्हणाल, तर तो परत आला, पण जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्याचा खेळ तिथेच संपला. त्याच्या अपघातानंतर २०१० मध्येच लीगने बाजूने येऊन डोक्यावर दिलेल्या धडकेला बंदी घालणारा नियम केला. थॉर्न्टनच्या ठोशांपेक्षा त्या नियमाचे मोल मला जास्त वाटते.

आकडे काय सांगतात

एका माणसावरून सर्वांचे अनुमान काढू नये, हे मला कळते. एका झाडाची बोंडे मोजून एकरी उतारा सांगणारा अधिकारी कुणाला आवडेल? म्हणून संशोधनाकडे वळू. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मायकेल बेट्झ यांनी २०१० ते २०१९ या काळातल्या लीगच्या सामन्यांतल्या शिक्षा तपासल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारामारी केल्याने धोकादायक दांडगाई कमी होते याला त्यांना आधार सापडला नाही. उलट जे संघ आणि जे खेळाडू जास्त मारामाऱ्या करतात, त्यांच्याच नावावर धोकादायक गुन्हेही जास्त निघाले.

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, "अहो, जिथं कीड जास्त तिथंच फवारणी जास्त. त्यावरून औषधानं कीड वाढली असं म्हणता येईल का?" शंका बरोबर आहे. नुसत्या बेरजेवरून कारण सिद्ध होत नाही. पण राखणदारीची बाजू मांडणाऱ्यांनी दावा केला होता तो औषधाने कीड कमी होते असा. एवढ्या वर्षांच्या सामन्यांत ती कमी झालेली कुठेतरी दिसायला हवी होती. ती दिसत नाही, एवढे तरी मानावेच लागेल.

राखणदारवाल्यांचे आणखी एक म्हणणे आहे. १९९२ साली लीगने नियम केला, की जो मारामारी उकरून काढील त्याला जादा शिक्षा, म्हणजे त्याचा संघ काही वेळ एका माणसाने कमी. ते म्हणतात, यामुळे राखणदाराचे हात बांधले गेले आणि दांडगे मोकाट सुटले. यात थोडे तथ्य असू शकेल. पण मग मूरच्या गोष्टीतले कुकचे हात कुणी बांधले होते? मारामारी तर झालीच होती.

नुसते पंच वाढवल्यानेही सगळे भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये दोनऐवजी तीन पंच ठेवले तेव्हा चुका सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे अभ्यासकांना आढळले. पण हॉकी लीगने १९९८ पासून काही सामन्यांत एकाऐवजी दोन मुख्य पंच लावून पाहिले, तेव्हा स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाला खेळाडूंच्या वागण्यात फारसा फरक दिसला नाही. दोन मिनिटांची शिक्षा खिशात घालून खेळणारे खेळाडू पुष्कळ. कुकला मोजावी लागली ती किंमत वेगळीच होती.

राखणदाराला राखणार कोण?

आतापर्यंत मी राखल्या जाणाऱ्यांबद्दल बोललो. पण या गोष्टीतला जो भाग वाचून मला रात्री झोप लागली नाही, तो राखणाऱ्याचा आहे.

डेरेक बूगार्ड हा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला, पोलिसाचा मुलगा. हा प्रांत म्हणजे गव्हाची कोठी. पोरगा लहानपणापासून अचाट वाढला, पुढे साडेसहा फुटांच्या वर गेला. खेळात हात बेताचा. पण एका सामन्यात त्याने केलेली दांडगाई पाहून निवड करणाऱ्यांनी त्याला पंधरा-सोळाव्या वर्षीच हेरले. मिनेसोटाच्या संघात आला, लोकांचा लाडका झाला. लीगमधल्या २७७ सामन्यांत त्याचे गोल किती? तीन. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने चार वर्षांसाठी पासष्ट लाख डॉलरला त्याला घेतले, ते गोलांसाठी नव्हे, मुठींसाठी.

त्या मुठींची हाडे मोडत, नाक मोडे, पाठ दुखे, डोक्याला हादरे बसत. दुखण्यावर गोळ्या, गोळ्यांची सवय. डिसेंबर २०१० मध्ये ऑटावा इथे एका मारामारीत डोक्याला मार बसला, त्यानंतर तो खेळला नाही. १३ मे २०११ रोजी वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या एकत्र परिणामाने, अपघाताने, तो वारला. वय अठ्ठावीस. घरच्यांनी त्याचा मेंदू बोस्टन विद्यापीठाला तपासणीसाठी दिला. वारंवार डोक्याला मार बसल्याने मेंदू झिजत जाण्याचा 'सीटीई' नावाचा रोग त्यात आढळला. आदल्याच वर्षी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारलेला बॉब प्रोबर्ट हा नामांकित राखणदार. त्याच्याही मेंदूत हेच सापडले. २०११ च्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडू गेले, एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा पस्तीस.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जोडी लावून तुलना केली, आपण प्रात्यक्षिकाच्या रानात करतो तशी. १९६७ नंतर लीगमध्ये खेळलेले, पन्नास किंवा जास्त मारामाऱ्या केलेले खेळाडू एका बाजूला आणि त्यांच्याच वयाचे, उंची-वजनाचे आणि जागेवर खेळणारे दुसरे खेळाडू दुसऱ्या बाजूला. मृत्यूंची संख्या दोन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. पण राखणदार मरताना सरासरी दहा वर्षांनी लहान होते, आणि त्यांच्यात आत्महत्या आणि अमली औषधांचे बळी जास्त. लीगने मारामारी आणि हा मेंदूचा रोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही अशीच भूमिका घेतली. २०१८ मध्ये तीनशेहून अधिक निवृत्त खेळाडूंचा दावा सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलर देऊन मिटवला, तोही चूक कबूल न करता.

आणि ग्रेट्स्कीचा राखणदार मॅक्सॉर्ली? २१ फेब्रुवारी २००० रोजी बोस्टनकडून खेळताना त्याने व्हँकुव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशिअर या राखणदाराच्या डोक्यात काठी घातली. ब्रॅशिअर बर्फावर आडवा. मॅक्सॉर्लीला न्यायालयाने हत्यारानिशी हल्ल्याचा दोषी ठरवले, लीगने वर्षभर बंदी घातली, आणि त्याला पुन्हा लीगचा सामना खेळायला मिळाला नाही.

गेल्या पंधरा वर्षांत निव्वळ मारामारीसाठी ठेवलेला गडी जवळजवळ नाहीसा झाला आहे. २००८-०९ च्या हंगामात सातशेहून जास्त मारामाऱ्या झाल्या होत्या, २०१८-१९ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास. कारण सात्त्विक नव्हे, व्यवहाराचे आहे. खेळ वेगवान झाला, पगारावर मर्यादा आल्या, आणि जो धावू शकत नाही त्याला सांभाळणे संघांना परवडेना. मारामारी संपली मात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये माँट्रियलला कॅनडा आणि अमेरिका यांच्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या आणि प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतले. दुसरीकडे क्विबेक प्रांताच्या तरुण खेळाडूंच्या लीगने २०२३-२४ पासून मारामारी करणाऱ्याला सरळ सामन्याबाहेर काढण्याचा नियम केला आहे.

हे सगळे मी परवा फोनवर भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, तरी मैदानात तो आमचा गडी उभा असला की बरं वाटतं." मी वाद घातला नाही. पाठराखण्याचा आधार वाटणे ही एक गोष्ट आणि दांडगाई थांबणे ही दुसरी, एवढेच म्हणालो.

त्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, तिथल्या पोरांच्या संघात खेळतो. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारले, "अरे, आमच्या पणतूला पण मारामारी करावी लागते का रे?"

"नाही आजी," तो म्हणाला. "पोरांच्या सामन्यात हात उचलला की पंच लगेच घरी पाठवतात."

"मग मोठ्यांना का नाही पाठवत?"

पलीकडून भाच्याचा मुलगा काहीतरी म्हणाला आणि हसला. आम्हाला ते नीट ऐकू आले नाही.